गिऱ्हाईक येणार म्हणून

धुळ्याच्या देवपुरातल्या प्रमिलाबाईंच्या घराचं पुढचं दार नुसत्या किल्लीने उघडत नसे. किल्ली फिरवायची, कडी धरून दार जरा वर उचलायचं आणि मग खालच्या फळीला गुडघ्याने धक्का द्यायचा. धक्का कमी पडला तर दार हलत नसे, जास्त झाला तर माणूस तोल जाऊन थेट बैठकीत पोचे. हे इतकं अंगात भिनलं होतं की प्रमिलाबाई माहेरी पिंपळनेरला गेल्या तरी तिथल्या चांगल्या दारालाही गुडघा देत, आणि भावजय तोंडाला पदर लावून हसे.

ही सगळी किमया त्यांच्या यजमानांची. प्रेमराज एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झालेले मेकॅनिक. मोडलेली वस्तू टाकणं त्यांना जमत नसे, आणि घरात मिस्त्री बोलावणं म्हणजे त्यांच्या मते स्वतः जिवंत असताना तेराव्याचं जेवण घालणं. त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेली होती आणि तेव्हापासून जराशी विक्षिप्त झालेली होती. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवला की बंद होई. बैठकीतल्या पंख्याचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागे. पंखा लावायचा तर बाहेरच्या पडवीत जावं लागे. बाथरूमची आतली कडी काढायची तर आधी दार आपल्याकडे ओढायचं, मग श्वास रोखायचा, मग कडी सरकवायची. श्वास रोखणं जरुरीचं होतं की नाही कोण जाणे, पण सगळे रोखत.

प्रमिलाबाईंनी काही म्हटलं की प्रेमराजांचं एकच उत्तर, "बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक आहे. तीस वर्षं सगळं ठीक होतं.

पण प्रमिलाबाईंचे गुडघे ठीक राहिले नाहीत. गच्चीवर वाळवण घालायचं बंद झालं, मग पडवीच्या चार पायऱ्याही जड जायला लागल्या. एकुलती एक लेक दिपमाला जळगावला शिक्षिका. तिच्याच कॉलनीत तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट निघाला, आणि धुळ्याचं घर विकून तिकडे जायचं ठरलं. प्रेमराज आधी नाही म्हणाले, मग पाहू म्हणाले, आणि बायको एकदा पायरीवरच मटकन बसली तेव्हा त्यांनी फ्लॅटवाल्याचा नंबर मागून घेतला.

दिपमाला सुट्टीत आली तीच मोबाईलवर घर विकण्याचे व्हिडिओ पाहून. बैठकीत उभं राहून तिने चहूकडे नजर फिरवली. ती या घरात वाढलेली, पण आज सासरच्या माणसासारखी पाहत होती.

"नाना, घर दाखवायच्या आधी नीट करावं लागतं. थोडी डागडुजी, हलका रंग. वीस हजारांत होईल सगळं."

"वीस हजार? कसाले?" प्रेमराज म्हणाले. "घर विकायचं की त्याचं लगन लावायचं? बठ्ठं ठीक शे."

"ठीक आहे ना? मग एखाद्या परक्या माणसाला फिरवून बघू."

परकं माणूस म्हणून समोरच्या यशोदाअक्कांना बोलावलं. अक्का तशा रोज यायच्या, पण पडवीतच बसायच्या. आज गिऱ्हाईक व्हायचं म्हणून त्या चांगलं लुगडं नेसून, हातात पर्स घेऊन आल्या. दाराशी अडल्या. दिपमालाने कुणालाही मदत करू दिली नाही. अक्कांनी दार ढकललं, ओढलं, दाराला नमस्कार केला. शेवटी प्रेमराजांना राहवलं नाही आणि त्यांनी आतून गुडघा दिला. पुढे अक्कांनी पंखा लावायला बटण दाबलं आणि वर बघत पदराने घाम पुसत उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरातला दिवा बिचारा त्यांच्यासाठी जळत होता. नळ बंद करायला गेल्या तर तो जास्तच सुटला आणि चांगलं लुगडं भिजलं. मग त्या बाथरूम पाहायला आत गेल्या, सवयीने कडी लावून घेतली, आणि थोड्या वेळाने आतून बारीक आवाज आला,

"वो प्रमिलाबाई, माले बाहेर काढा वो!"

"आधी दार तुमच्याकडे ओढा, अक्का," प्रेमराज बाहेरून म्हणाले. "आता श्वास रोखा."

"श्वास रोखू? आत जीव चालला माझा!"

अक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. प्रमिलाबाईंनी त्यांना चहा दिला. अक्का घोटभर चहा पिऊन म्हणाल्या, "मी तर हे घर फुकटसुद्धा घेणार नाही." त्यावर दिपमालाने वडिलांकडे नुसतं पाहिलं. प्रेमराज जाऊन पडवीत बसले आणि पुष्कळ वेळ पंख्याच्या बटणाशी खेळत राहिले.

अशा रीतीने वीस हजार मंजूर झाले. त्याच्या वर एक रुपया नाही, अशी प्रेमराजांची अट होती.

अभिमन सुतार आला, त्याने दार बिजागरीतून काढून खालून रंधा मारून तासलं, आणि दुपारपर्यंत दार असं झालं की करंगळीने ढकललं तरी उघडावं. वायरमन आला, नळवाला आला. एका आठवड्यात पंखा पंख्याच्या बटणावर लागला, कडी सरळ सरकायला लागली आणि स्वयंपाकघरात चकचकीत नवा नळ बसला, सुलटा फिरणारा. शेजारपाजारच्या बायका येऊन बघून गेल्या.

आणि त्याच संध्याकाळी प्रमिलाबाईंनी नवा नळ एकदा चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला, आणि त्यांचं डोकं फिरलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मी तीस वरीसथून सांगी ऱ्हायनी. नळ बदला, दार करा. तेव्हा बठ्ठं ठीक होतं. आणि आता कोण कुठला माणूस, ज्याचं नावही माहीत नाही, तो येणार म्हणून आठ दिवसांत घर सोन्यासारखं झालं! मी गिऱ्हाईक म्हणून आले असते तर बरं झालं असतं."

प्रेमराज काहीतरी बोलणार होते. पण तीस वर्षं एस.टी.त काढलेल्या माणसाला कुठे ब्रेक लावायचा ते कळतं. ते म्हणाले, "चहा करू का?" आणि खरंच चहा केला. साखर विसरले. प्रमिलाबाई तो तसाच प्यायल्या, पण बोलल्या मात्र नाहीत.

रंगासाठी पैसे थोडेच उरले होते, म्हणून रंग प्रेमराज स्वतः देणार होते. ते बाजारात गेले आणि अर्ध्या किमतीत मोठा डबा घेऊन विजयी मुद्रेने परत आले. कुणीतरी मिसळून घेऊन नंतर परत केलेला रंग. डब्यावर लिहिलं होतं 'बदामी'.

बैठकीच्या एका भिंतीला एक हात झाला तेव्हा प्रमिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण काही गोष्टींपुढे माणसाचा निश्चय टिकत नाही.

"हा बदामी?"

"वाळल्यावर होईल."

"अहो, हा भरताचा रंग आहे. वांगं भाजून सोललं की दिसतं ना, तस्सा. नुसती कांद्याची पात टाकायची राहिली."

प्रेमराज मागे सरून भिंतीकडे पाहू लागले. भिंत खरोखरच तशी दिसत होती. त्यांना हसू यायला लागलं, ते त्यांनी दाबलं, मग प्रमिलाबाईंना आलं. दोघंही हसली, आणि अबोला तिथेच संपला. मग एक पांढऱ्याचा डबा आणून त्यात मिसळला, प्रमिलाबाईंनी स्वतः काठीने ढवळला, आणि शेवटी जो रंग झाला तो कुठल्याही शेडकार्डावर नव्हता, पण डोळ्यांना गार वाटत होता.

दिपमालाची एक सूचना राहिली होती. भिंतीवरचे घरचे फोटो काढायचे. "येणाऱ्याला हे आपलं घर वाटलं पाहिजे, आई. तुमचे चेहरे कशाला?" म्हणून सासरे, सासूबाई, लग्नाचा फोटो आणि दिपमालाचा बक्षीस घेतानाचा फोटो असे सगळे यशोदाअक्कांकडे मुक्कामाला गेले. प्रमिलाबाईंनी सासऱ्यांना नेताना डोक्यावर पदर घेतला, तो उतरवायला त्या घरी आल्यावरही विसरल्या. रिकाम्या भिंतींमध्ये त्यांना आपलाच आवाज मोठा वाटत होता.

आता एकच गोष्ट उरली होती, आणि तिचं नाव दिपमालानेही काढलं नव्हतं. आतल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर ओल होती. पसरून पसरून तिचा मोठा नकाशा झाला होता. त्या भिंतीचं काम खर्चाचं, वीस हजारांत बसणारं नव्हतं. प्रेमराजांनी लोखंडी कपाट सरकवून बरोबर तिच्यासमोर आणलं.

"हे बरोबर नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मी काही खोटं बोलत नाहीये. कपाट कुठेही ठेवता येतं."

"मग एक करा. गिऱ्हाईक आलं की तुम्ही बोलू नका. तोंडात सुपारी धरा. तुम्ही बोलायला लागलात की कुठे थांबाल याचा नेम नाही."

गिऱ्हाईक प्रमिलाबाईंच्या भावाने पिंपळनेरहून पाठवलं. ज्ञानचंद शेठ आणि त्यांची बायको सायरबाई. पिंपळनेरला त्यांचं कापडाचं जुनं दुकान. आता मुलगा धुळ्यात दुकान टाकणार होता, नातवंडांची शाळा इथेच होणार होती, म्हणून घर पाहिजे होतं. रविवारी सकाळी ते दोघं आणि सून चेलना आली. करंगळीने ढकलल्यासारखं दार उघडलं. प्रमिलाबाईंनी मनातल्या मनात अभिमनला आशीर्वाद दिला.

ज्ञानचंद शेठ कमी बोलणारे. त्यांनी प्रत्येक बटण दाबून पाहिलं, प्रत्येक नळ सोडला, प्रत्येक कडी लावून काढली. सायरबाई मागून फिरत विचारत होत्या. पाणी कोणत्या वारी येतं, टाकी किती मोठी, शेजार कसा. मराठी स्वच्छ, अगदी शहरी. प्रमिलाबाई उत्तरं देत होत्या. प्रेमराज सुपारी धरून, हात मागे बांधून, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहतो तसे उभे होते. सगळं छान चाललं होतं.

चहा झाला. ज्ञानचंद शेठ समाधानाने बैठकीकडे बघत म्हणाले, "घर चांगलं आहे. नशीबवान आहात. तीस वर्षांत काही बिघडलेलं दिसत नाही."

प्रमिलाबाईंनी चटकन यजमानांकडे पाहिलं. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. मग ती चावल्याचा आवाज आला.

"काही बिघडलं नाही?" प्रेमराज म्हणाले. "शेठ, काय बिघडलं नाही ते विचारा!"

"अहो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

पण गाडी डेपोतून सुटली होती. तीस वर्षांची मेहनत, आणि हा माणूस म्हणतो काही बिघडलंच नाही! प्रेमराजांनी दाराची गोष्ट सांगितली, गुडघा कुठे द्यायचा ते दाखवलं. जुना नळ त्यांनी टाकला नव्हता. पेटीतून काढून आणला आणि सायकलच्या ट्यूबची चकती आत कशी बसवली होती ते उलगडून दाखवलं. पंख्याच्या वायरी एकदा जळाल्या तेव्हा नवी लाइन न ओढता पडवीतून वीज कशी आणली, हे सांगताना तर ते खुर्चीवर चढले. ज्ञानचंद शेठ, जे आतापर्यंत शब्द मोजून बोलत होते, तेही उठून उभे राहिले. "आणि अर्थिंग?" ते विचारत होते. "अर्थिंगचं काय केलं?"

प्रमिलाबाई खोकल्या. मग जास्त खोकल्या. चेलनाने त्यांना पाणी आणून दिलं.

"अर्थिंग काहीच नाही," प्रेमराज म्हणाले. "या, खरं काम तुम्हाला आत दाखवतो. जरा त्या बाजूने कपाट धरता का?"

दोन म्हाताऱ्यांनी मिळून कपाट सरकवलं. मागे ओलीचा तो प्रचंड नकाशा. प्रमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, गेलं घर. जळगावचा फ्लॅटही गेला. आता पायऱ्या चढत चढतच मरायचं.

"ही ओल पूर्वी छतापर्यंत होती," प्रेमराजांचा आवाज आला. त्यात केवढा अभिमान! "मी गच्चीवर भंगारातल्या पत्र्याची पन्हळ केली, पाणी बाहेरच्या बाहेर काढलं. सात वर्षं झाली, बोटभर वर सरकली नाही ती."

ज्ञानचंद शेठ भिंतीला हात लावून पाहत होते. सायरबाई नवऱ्याकडे पाहत होत्या, मग त्यांनी प्रेमराजांकडे पाहिलं, मग प्रमिलाबाईंकडे. आणि इतका वेळ शहरी मराठी बोलणाऱ्या त्या बाई एकदम कपाळावर हात मारून म्हणाल्या,

"माय वो! आमना घर बी असाच एक शे!"

प्रमिलाबाईंनी डोळे उघडले.

"आमच्या दुकानाचं शटर," सायरबाई नवऱ्याकडे बोट दाखवत सांगू लागल्या, "गेली बारा वर्षं यांनी दोरीवर चालवलंय. दोरी ओढायला एक माणूस, खाली लाकूड घालायला एक. मिस्त्री नको म्हणतात. मी म्हणते, एक दिवस ते डोक्यावर पडेल. तर म्हणतात, डोकं बाजूला ठेवायचं."

ज्ञानचंद शेठ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ओल फार बारकाईने पाहण्यासारखी आहे असं त्यांना एकाएकी वाटू लागलं असावं.

मग पुरुष पन्हळ पाहायला गच्चीवर गेले आणि दोघी बायका स्वयंपाकघरात बसल्या. प्रमिलाबाई म्हणाल्या, "ताई, मी त्यांना म्हटलं होतं, झाकू नका."

"झाकलं कुठे?" सायरबाई हसल्या. "भिंतीच्या मधोमध कपाट कोण ठेवतं? मी खोलीत आले तेव्हाच पाहिलं. वास पण येतो. मी भाव करताना काढणार होते. तुमच्या मालकांनी माझा डाव घालवला."

"मग आता?"

"आता काय, सरळ बोलू. भिंतीचा खर्च कमी करा. आणि रंग हाच राहू द्या, मला आवडला. काय नाव त्याचं?"

"बदामी," प्रमिलाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

भाव तिथेच झाला, पुरुष गच्चीवर असताना. सायरबाई कापड विकून म्हाताऱ्या झालेल्या, पण प्रमिलाबाईही बाजारच्या दिवशी भाजीवाल्यांना घाम फोडणाऱ्या. सायरबाईंनी जेवढं सोडायला सांगितलं त्याच्या निम्म्यावर त्यांनी आणून ठेवलं, आणि उरलेलं सोडताना दोन वर्षं लोणच्याच्या कैरीचा हिस्सा मागून घेतला, कारण पडवीपुढचं आंब्याचं झाड त्यांनी स्वतः लावलेलं होतं. पुरुष खाली उतरले तेव्हा त्यांना नुसतं सांगण्यात आलं. दोघांनीही मान हलवली. त्यांचं अर्थिंगचं अजून संपलं नव्हतं.

महिन्याभरात खरेदीखत झालं. सामान टेम्पोत भरलं. शेवटच्या दिवशी सायरबाई मुद्दाम आल्या, वाटेसाठी पुऱ्यांचा डबा घेऊन. यशोदाअक्का पदराने डोळे पुसत होत्या. सगळ्यांना वाटलं होतं प्रेमराज कोसळतील. पण ते ज्ञानचंद शेठांना पाण्याच्या टाकीचा वॉल्व कसा हाताळायचा ते शिकवण्यात इतके गुंतले होते की त्यांना हाक मारून आणावं लागलं. रडल्या त्या प्रमिलाबाई. ज्या बाईने या घराला तीस वर्षं नावं ठेवली, तिने निघताना नव्या नळाखाली हात धुतले, आणि हात धुता धुता तिचे खांदे हलायला लागले. एक महिना, फक्त एक महिना घर तिच्या मनासारखं होतं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "डोळ्यांत साबण गेला." स्वयंपाकघरात साबण नव्हता, तो कधीच टेम्पोत गेला होता.

टेम्पो पुढे गेला आणि त्याच्या मागून जावयाने पाठवलेल्या गाडीत दोघं निघाले. पारोळ्यापर्यंत प्रेमराज बाहेर बघत होते. कपाशीची शेतं मागे पळत होती. एरंडोल आलं तेव्हा त्यांनी डबा उघडला, एक पुरी बायकोला दिली, एक स्वतः घेतली, आणि पुरीकडे बघतच विचारलं,

"दिपूनी माय, तुले करमी ना तठे?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला करमेल का, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बदली झाली तेव्हा नाही, हे घर बांधलं तेव्हाही नाही. प्रमिलाबाई चावायच्या थांबल्या. खिडकीतून वारा येत होता, त्यांनी पदर नीट केला.

"पाहू," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथे कशाला हात लावला नाही तर करमेल."

"फ्लॅट नवीन शे. हात लावायला काय आहे तिथे?"

ते इतक्या उदासपणे म्हणाले की प्रमिलाबाईंना वाईट वाटलं. त्यांनी डब्यातली दुसरी पुरी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "असेल काहीतरी. पोचल्यावर शोधू."